काट्यावर बत्तीस

दस्तगीरने उकिडवं बसून डाव्या हाताची चार बोटं टायरला आडवी लावली, त्यावर उजव्या हाताचं एक बोट ठेवलं आणि मान वर केली.

"पाच बोटं बी भरंनात, काका. चाकाचं लोखंड संपलं की लगेच जमीन. मधी गादी पाहिजे ती हायच न्हाई."

शेषेराव गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभे होते. बहात्तर वर्षांचे, अंगाने काटक, धोतर सोडून पायजम्यावर आले त्यालाही आता वीस वर्षं झालेली. आयुष्य बैलगाडी आणि ट्रॅक्टर हाकण्यात गेलं. ही मोटार पुण्याच्या मुलाने, दयानंदने, दोन वर्षांपूर्वी आणून दारात उभी केली होती. आणताना त्याने हौसेने कंपनीची पंधरा इंची चाकं काढून सतरा इंची चकचकीत चाकं बसवून घेतली. तेव्हा गाव गाडी बघायला आलं आणि चाकं बघून गेलं.

"पर चाक तर मोठं हाय की," शेषेराव म्हणाले. "मोठं चाक खड्ड्यात कमी जातं. बैलगाडीचं बघितलं न्हाई का?"

"बैलगाडीला वर झाकण हाय का? हिथं चाकाच्या वर पत्रा हाय. जागा तेवढीच. चाक मोठं केलं की टायर पातळ करावा लागतो. भाकर मोठी थापली मनून तवा मोठा होत न्हाई, काका."

दस्तगीर उठला आणि हात फडक्याला पुसू लागला. आता किमान पाव तास तरी सुटका नाही हे शेषेरावांना ठाऊक होतं. 'टायर दस्तगीरचा घ्यावा, पण कानात कापूस घालून', असं औशाच्या बाजारात म्हणत. त्याचे वडील एसटीच्या टायरांना ठिगळं लावत. तिसाव्या वर्षी दुकान हातात आलं तेव्हापासून दस्तगीरने माल कधी वाईट दिला नाही, आणि गिऱ्हाइकाला त्याची चूक दाखवल्याशिवाय कधी जाऊही दिलं नाही. कुणी टायर घासून गुळगुळीत केलेला असो, कुणी पाठीमागे शेंगांची पोती लादलेली असोत, दस्तगीर सगळं हुडकून काढणार आणि तोंडावर सांगणार. स्वतः कधी चुकल्याचं त्याला आठवत नव्हतं. बायको सुलतानबीला आठवत होतं, पण ते घरातलं.

"दोन दोन रिमा वाकल्यात तुमच्या," तो म्हणाला. "आन् त्या वाकू नयेत मनून कुणीतरी हवा टाईट भराया सांगितली असंल. बरोबर का?"

"हाव. त्या वळणावरच्या पंक्चरवाल्यानं."

"म्हंजे रिम वाचली. आन् हादरा गेला कुठं? आतल्या माणसाच्या पाठीत. कोण बसतं मागं?"

शेषेरावांनी बॉनेटवरची धूळ बोटाने थोडी सारली.

"घरची. गुणाबाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गेल्या श्रावणात नात्यातल्या बारशाला दोघं निघाले होते. तळ्याच्या वळणावर पाण्याने भरलेला खड्डा होता, कळला नाही. गाडी धाडकन आपटली. रिम वाकली, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती, कारण मागे गुणाबाई वाकून बसल्या त्या सरळच होईनात. लातूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हातारपणाची ठिसूळ हाडं, एक मणका दबलेला. सहा महिने अंथरुणावर गेले. आता आठवड्यातून दोनदा लातूरला नेऊन शेक द्यायचा, व्यायाम करून घ्यायचा. तीन महिने हे नेमाने झालं तर बाई चालेल, नाहीतर खाटेला लागेल ती कायमची, असं डॉक्टर स्वच्छ बोलले होते. आणि गावापासून औशापर्यंतचे बारा किलोमीटर तर असे, की जाऊन आल्यावर शेकाने आलेला आराम वाटेतच सांडून जायचा.

"दयानंदला सांगितलं का? ही चाकं काढा मनावं."

"त्याला न्हाणीत पाय घसरला मनून सांगितलंय."

"कामून?"

"हौसेनं बसवलीत पोरानं. त्याच्या चाकांनी आईचा मणका गेला, हे कळलं तर तो काय करंल सांग."

दस्तगीरला हे पटण्यासारखं नव्हतंच. "खोटं कशाला, काका? ज्याची चूक त्याला दाखवावी. त्याबिगर माणूस सुधरत न्हाई. मी तर माझ्या सख्ख्या भावाला सोडत न्हाई, इचारा ह्याला." धाकटा भाऊ अकरम मागे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने मान हलवली. चाळिशी आली तरी दुकानात त्याच्या वाट्याला बोलणं कमीच येई.

"चूक मनशील तर," शेषेराव म्हणाले, "गाडी मी चालवीत होतो."

दस्तगीरने फडकं खांद्यावर टाकलं आणि जॅक ओढून तो कामाला लागला.

सतरा इंची चाकं उतरली. त्यांच्या जागी साध्या लोखंडी पंधरा इंची रिमा आणि जाड भिंतीचे नवे टायर चढले. गाडी एकदम साधी दिसायला लागली, सोन्याच्या बिलवरांऐवजी काचेच्या बांगड्या घातलेल्या बाईसारखी. दस्तगीरने पुन्हा बोटं लावली. साडेसहा भरली. हवा त्याने स्वतः भरली आणि हवा मोजायच्या काट्यावर बत्तीस बघून थांबला.

मग त्याने त्याच्या पद्धतीप्रमाणे मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसला. टायर विकला की दस्तगीर गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावून स्वतः मागे बसायचा आणि किल्ल्यापर्यंत एक फेरी मारायचा. चालवणाऱ्याला रस्ता डोळ्यांनी कळतो, खरा रस्ता मागच्याच्या पाठीला कळतो, असं त्याचं म्हणणं. गुणाबाई बसत त्या डाव्या बाजूला, त्यांच्याच उशीला टेकून तो बसला. बस स्टँडासमोरचे तिन्ही खड्डे त्याने शेषेरावांना मुद्दाम घ्यायला लावले. गाडी डोलली, आपटली नाही.

"आता न्या काकूला," तो उतरून म्हणाला. "चहा सांडणार न्हाई हातातला."

जाताना शेषेरावांनी जुनी चाकं पोत्यात बांधून डिकीत घातली.

"दयानंद यायचा असला की आदल्या दिवशी येतो. दोन दिवसांपुरती चढवून दे."

"म्हंजे खोट्यावर खोटं," दस्तगीर म्हणाला.

आठच दिवसांनी गाडी पुन्हा दुकानापुढे उभी राहिली. सकाळचे दहा वाजले असतील. शेषेराव उतरले आणि दार लावायचंही भान न ठेवता थेट दस्तगीरपुढे आले.

"काही फरक न्हाई. उलट जास्ती. आज तर आर्ध्या वाटंतच म्हणली, परत फिरवा. म्हणली, लातूर नको आन् काही नको, मी हाय तशी पडून राहते."

दस्तगीरने आत डोकावून पाहिलं. दोन बाजूंना दोन उशा, कमरेला पट्टा, आणि मधे गुणाबाई. त्यांनी दोन्ही हातांनी पुढच्या सीटची कड धरून ठेवली होती. गाडी उभी होती तरी ती सुटली नव्हती. चेहरा घामाने भिजलेला. त्यांनी दस्तगीरला ओळखल्यासारखी मान हलवली आणि डोळे मिटले.

त्याला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोला, रागही आला. टायर बरोबर होता. माप बरोबर होतं. आपण स्वतः त्याच जागी बसून बघितलं होतं. त्याने खिशातला काटा काढला आणि मागच्या चाकाच्या वॉल्व्हला लावला.

अठ्ठेचाळीस.

दुसऱ्या चाकाला लावला. तिथेही तेवढेच. टायर टिचकी मारली तर वाजेल असा टणक झाला होता. असल्या टायरवर बसणं आणि दगडावर बसणं सारखंच.

"हवा कुणी भरली?"

"मीच," शेषेराव म्हणाले. "तू लक्ष दिलं नव्हतंस बहुतेक. त्या दिशी घरी नेऊन बघतो तर चारी टायरांना पोट. खाली बसल्यागत. ट्रॉलीच्या टायराला पोट सुटलं की हवा कमी, एवढं तर मला बी कळतं. मग पायपंप काढला. रोज पहाटं उठून भरतो, पोट जाईस्तवर." ते जरा वाकून टायरकडे बघत होते, जसं जुंपायच्या आधी बैलाच्या खुराकडे बघावं तसं. "आता बघ, कसे हुबे हायत. मनलं तिला धक्का लागाया नको."

जाड भिंतीच्या टायरला पोट असतंच. ते पोट खड्डा गिळतं, म्हणून तर तो बसवायचा. दस्तगीरच्या तोंडात हे सगळं वाक्य तयार होतं, अगदी पुढच्या दातांपाशी. 'काका, चार टायर मी गादीचे दिले आन् तुम्ही त्याची फरशी केली. आठ दिवस काकूला जे हादरे बसले ते तुमच्या पायानं बसले.' असलं वाक्य त्याने आयुष्यात कधी गिळलेलं नव्हतं.

शेषेरावांनी उजवा पाय चपलेतून थोडा काढून टेकवला होता. तळव्याला पुढच्या बाजूला फोड येऊन फुटलेला होता आणि त्यावर हळद दाबलेली होती. रोज पहाटे पंपाचा लोखंडी पायटा दाबून आलेला फोड. गाडी मी चालवीत होतो, म्हणाले होते ते. एक ओझं त्या माणसाच्या मानेवर होतंच. त्यावर दुसरं ठेवायला दस्तगीरचा हात उचलेना, आणि स्वतःच्या जिभेची त्याला त्या क्षणी भीतीच वाटली.

"काका," तो म्हणाला, "माझी चूक झाली."

पाण्यात ट्यूब बुडवणाऱ्या अकरमने हात तसाच ठेवून मागे वळून बघितलं.

"तुमची?" शेषेराव म्हणाले. दस्तगीरला ते तू म्हणत, आज धक्क्याने अहो-जाहोवर आले.

"टायर कडक निघाला. माल तपासून घ्याया पायजे होता, मी घेतला न्हाई. आत्ता बदलून देतो. तुम्ही समोर चहा घ्या, आर्धा तास लागंल. काकूंना उतरवू नका, बसल्या जागी काम होतंय."

शेषेराव रस्ता ओलांडून हॉटेलात गेले. त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर दस्तगीर चाकाशी बसला, वॉल्व्हची टोपी काढली आणि पिन दाबली. हवा सूं करून सुटली. मधूनमधून काटा लावत तो एकेका चाकाशी जात राहिला. तिसऱ्या चाकाला आला तेव्हा डोक्यावरची काच खाली झाली.

"जॅक लावला न्हाईस, बाबा."

दस्तगीरने मान वर केली नाही. "न्हाई."

"टायर बी बदलंनास."

"न्हाई, काकू."

हवा सुटत होती. गुणाबाईंचा आवाज दमलेला होता, पण स्पष्ट होता.

"माझ्या खिडकीखालीच हुबी असते गाडी. पहाटं पंपाचा आवाज येतो. मी पडल्या पडल्या मोजते. पयल्या दिशी पन्नास पाय मारले. त्या दिशी लई हादरली पाठ. दुसऱ्या दिशी आणखी तीस. तवाच समजलं."

"मग सांगायचं होतं की! आठ दिवस कामून सोसलं?"

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत त्यांनी वाट बघितली.

"त्या खड्ड्यापासनं माणूस बोलंना झालाय, दस्तगीर. खातो, औषध देतो, वेणी बी घालतो माझी. पर बोलत न्हाई. पयले कसं, कुठलं बी काम करताना नाकात गुणगुणायची सवय. औत धरलं तरी, दाढी केली तरी. त्या श्रावणात ते बंद झालं. आन् परवा पहाटं पंप मारता मारता..." त्यांनी सीटची कड सोडली आणि हात मांडीवर ठेवला. "मनलं, गुणगुणू दे. सोसंल तेवढं सोसू. आज न्हाई सोसलं."

दस्तगीर चौथ्या चाकाशी गेला. तिथे त्याला जरुरीपेक्षा जास्त वेळ लागला. डोळे पुसायला फडकं वापरलं तर तोंडाला काळं लागतं, म्हणून त्याने बाहीने पुसले.

"त्यांना सांगू नको," मागून आवाज आला.

"मी काय सांगतो?" तो म्हणाला. "माझाच माल खराब निघाला."

शेषेराव चहा पिऊन आले तेव्हा टायर चारी बाजूंनी पाण्याने धुऊन नव्यासारखे केलेले होते आणि पुन्हा त्यांना पोट आलेलं होतं. शेषेरावांची नजर पहिल्यांदा तिथेच गेली. दस्तगीरने त्यांना बोलायला जागाच ठेवली नाही. स्वतःचा काटा, पंधरा वर्षं खिशात वागवलेला, पितळ उघडं पडलेला, त्याने त्यांच्या हातात ठेवला.

"ही नवी जात हाय, काका. लई नाजूक. हिला पोट ऱ्हातंच. पोटावर जायाचं न्हाई, काट्यावर जायाचं. रोज पहाटं लावून बघायचं. बत्तीस. तिसाच्या खाली गेली तरच पंपाला पाय लावायचा, आन् बत्तीसच्या वर एक रेघ गेली तर सोडायची. हे काम रोजचं हाय, दुसऱ्या कुणावर टाकू नका. जमंल का?"

"न जमायला काय झालं?" शेषेरावांनी काटा डोळ्यांजवळ नेऊन आकडे वाचले. "बत्तीस."

"बत्तीस."

गाडी लातूरच्या रस्त्याला लागली. ती वळेपर्यंत दस्तगीर मागच्या काचेकडे बघत राहिला.

दस्तगीरकडून चूक झाली, ही बातमी औशात संध्याकाळपर्यंत पसरली. पंधरा वर्षं ज्यांनी त्याचं ऐकून घेतलं होतं ते सगळे आपली पाळी आल्यासारखे दुकानावरून जाऊ लागले. कापडवाले महादेवप्पा मुद्दाम स्कूटर थांबवून म्हणाले, "ऐकलं ते खरं का?" दस्तगीर म्हणाला, "खरं हाय." अकरमने सगळं बघितलं होतं, पण तो कुणाला काही बोलला नाही. रात्री भाकरी वाढताना सुलतानबीने तेवढं विचारलं, "तुम्ही? आन् चूक कबूल?" त्याने भाजीत मीठ कमी आहे म्हणून विषय बदलला. मीठ बरोबर होतं हे तिला माहीत होतं.

महिना उलटला. एक दिवस उजनीकडचा एक तरुण शिक्षक नवी गाडी घेऊन चाकं मोठी करायला आला होता. दस्तगीर त्याला बोटं लावून दाखवत होता, तेवढ्यात शेषेरावांची गाडी येऊन थांबली. मागचं दार आतून उघडलं. एक काठी बाहेर आली, मग पाय, मग हळूहळू गुणाबाई. कुणी हात दिला नाही, कारण त्यांनीच नको म्हणून मान हलवली होती. दुकानापुढच्या बाकापर्यंतची सात-आठ पावलं त्यांनी मोजून टाकली आणि टेकल्या.

"लातूरहून आलाव," शेषेराव म्हणाले. "मनलं जाता जाता तुला दाखवावं." मग शिक्षकाकडे वळून आपुलकीने म्हणाले, "ह्याच्याकडूनच घ्या, गुरुजी. माणूस सोन्यासारखा हाय. माप ह्याच्यासारखं कुणाला कळत न्हाई. फक्त माल तपासून घ्या. एकदा चुकलाय बिचारा."

शिक्षकाने दस्तगीरकडे बघितलं.

"खरं हाय," दस्तगीर म्हणाला. "तपासूनच घ्यावं."

"दयानंद येणार हाय पुढच्या आठवड्यात," शेषेराव म्हणाले.

"मंग बुधवारी या. मोठी चाकं चढवून देतो. घेऊन या आठवणीनं, पोत्यातून काढून पुसून."

शेषेरावांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांनी खिशातून काटा काढला. एवढ्या लांबून आल्यावर एकदा बघून घ्यावं म्हणून ते पहिल्या चाकाशी उकिडवे बसले, टोपी फिरवून काढली, काटा लावला, आकडा वाचला. मग दुसऱ्या चाकाशी गेले. दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता आणि त्याच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नव्हतं.

गुणाबाईंनी काठीच्या टोकाने दस्तगीरच्या चपलेला हलकेच टोकलं.

"ते मशीन जरा बंद कर, बाबा."

दस्तगीरने आत जाऊन बटण खाली केलं. धडधड थांबली. शिक्षक काही विचारायला लागला होता, त्याला त्याने हाताने थांबवलं. शेषेराव तिसऱ्या चाकाशी बसले होते, त्यांची पाठ इकडे होती. गुणाबाईंनी काठी आडवी मांडीवर घेतली आणि तिकडे कान देऊन बसल्या.